परत आलेले पैसे

ताईंनो, आठवडे बाजारात 200 ची नोट 20 ची समजून दिली, तर आईने वेचलेल्या मोहफुलांचे कष्ट गेले. दोन्ही नोटा पिवळसरच! मुलांना मागची बाजू दाखवा: 20 वर वेरूळची लेणी, 200 वर सांचीचा स्तूप. नाणी मात्र खरीच हातात द्या.

उरलेल्या पैशांसाठी वजाबाकी नको, पुढे मोजू द्या. मीठ-तेलाचे 32 झाले, दिली 50 ची नोट. 32 वर 1 ठेवला, 33. 2 ठेवले, 35. 5 ठेवले, 40. 10 ठेवले, 50. ठेवलेले पैसे 18, तेच परत यायचे.

मग तुम्हीच दुकानदार व्हा, घाई करा, मुद्दाम दोन रुपये कमी द्या. मूल हात तसाच पुढे धरतं का, पाहा.