व्हीपीएनचे पैसे भरण्यापूर्वी

कॉटन ग्रीनला कापसाचा बाजार भरे, त्या काळी व्यापारी भावाच्या तारा सांकेतिक शब्दांत पाठवीत. तारवाल्याला शब्द दिसत, अर्थ कळत नसे. व्हीपीएनचे कामही असेच आहे. घरी आपण कोणती व्हिडिओ साइट पाहतो, हे इंटरनेट कंपनीला दिसत नाही. व्हीपीएन कंपनीला मात्र दिसू शकते. धंद्याचा हिशेब त्याच मोबाइलवर असेल, तर फुकटचे व्हीपीएन टाळावे, असे आम्ही सुचवतो.

सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने ग्राहकांची नोंद ५ वर्षे ठेवणे बंधनकारक केले. त्यामुळे एक्स्प्रेसव्हीपीएनने त्याच वर्षी भारतातले सर्व्हर काढून घेतले.

आता वेगाविषयी. इंटरनेट कंपनी व्हिडिओचा वेग मुद्दाम रोखत असेल, तर फायदा होतो. एरवी सर्व्हर दूर असला की चित्र अडखळते. म्हणून व्हीपीएन बंद आणि चालू ठेवून संध्याकाळी वेग मोजावा, मगच वर्षाचे पैसे भरावेत.