वाकोल्याचा रस्ता आणि बसगाडी

शाळा भरण्याच्या वेळीं वाकोल्याच्या रस्त्यावर क्षणभर उभें राहिलें असतां एक विचार करण्याजोगा देखावा दृष्टीस पडतो. मोटारी, रिक्षा व दुचाक्या एकमेकींस खेटून उभ्या असतात, भोंगे वाजत असतात, आणि त्या गर्दींत उतारूंनी भरलेली बसगाडी मुंगीच्या पावलांनीं सरकत असते. त्या गाडींत परीक्षेस निघालेला विद्यार्थी असतो, धुण्याभांड्यांच्या कामावर वेळेंत पोंचूं पाहणारी बाई असते, दवाखान्यांत जाणारे आजोबा असतात. हें असें कां व्हावें व त्यास उपाय कोणता, याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम नकाशा उघडूं या. मुंबईचे मुख्य लोहमार्ग दक्षिणोत्तर धांवतात. देशांतील पहिली उतारूंची आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेली. पश्चिमेच्या मार्गावर १८६७ सालीं विरारहून उपनगरी गाडी सुरू झाली. १९२८ सालीं बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धांवूं लागली. या रुळांच्या आधारानें उपनगरें वाढलीं. वाकोला मात्र दोन लोहमार्गांच्या मध्यें वसलेला आहे. पश्चिमेस महामार्गापलीकडे सांताक्रूझचें स्थानक, पूर्वेस मिठी नदीपलीकडे कुर्ल्याचें. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरांची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्यें पूर्ण सुरू झाली व तिचें एक स्थानक सांताक्रूझला आहे. परंतु तीहि दक्षिणोत्तरच जाते. तात्पर्य, पूर्वपश्चिम जाणाऱ्यास, किंवा नुसतें स्थानक गांठूं पाहणाऱ्यासहि, रस्त्यावांचून गति नाहीं.

मग रस्ताच वाढवावा, असें कोणी म्हणेल. तसा प्रयत्न झालाहि आहे. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याचें काम २००३ सालीं हातीं घेतलें गेलें आणि तो २०१४ सालीं खुला झाला. त्याचा उपयोग निःसंशय आहे. परंतु नवा रस्ता कांहीं दिवस मोकळा वाटतो, आणि ‘आतां मोटारीनें सहज जातां येईल’ असा विचार शेंकडों घरांत एकाच वेळीं सुरू होतो. पाट रुंद केला म्हणजे पाणीहि अधिक येतें, त्यांतलाच हा प्रकार.

येथें थोडें गणित करूं. १२ मीटर लांबीची एक बसगाडी ६० उतारू नेते असें धरूं. तेच ६० लोक दोघे-दोघे मिळून मोटारींतून निघाले, तर ३० मोटारी लागतील. एक मोटार ४ मीटर लांब धरली व दोहोंमध्यें तसूभरहि अंतर ठेविलें नाहीं, तरी १२० मीटर रस्ता अडेल. म्हणजे बसच्या दसपट. प्रत्येक मोटारींत एकटाच मनुष्य असला, तर वीसपट. तेव्हां रस्ता अरुंद आहे हें खरें असलें, तरी त्याची वांटणी विषम आहे, हें त्याहून अधिक खरें आहे.

यांत मोटारवाल्यांसच दोष देणें न्याय्य होणार नाहीं. बस वेळेवर येत नाहीं म्हणून ज्यास ऐपत आहे तो दुचाकी घेतो. दुचाक्या वाढल्या म्हणून बस आणखी उशिरा येते. या चक्रांत ज्यास दुचाकी घेण्याची ऐपत नाहीं, तोच शेवटीं थांब्यावर तिष्ठत उरतो.

हें चक्र उलट फिरवितां येतें काय? मुंबईंत पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धांवली, आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजीं हा सर्व कारभार महापालिकेनें आपल्या हातीं घेतला. तोच आजचा बेस्ट उपक्रम. २०१० च्या सुमारास त्याच्या ताफ्यांत चार हजारांहून अधिक गाड्या होत्या. २०२५ मध्यें त्या तीन हजारांहूनहि कमी झाल्या. उलट, जुलै २०१९ मध्यें किमान भाडें ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणतांच थोड्या महिन्यांत उतारूंची संख्या चांगलीच वाढली. मे २०२५ पासून तें १० रुपये झालें आहे. लोकांस बस नको आहे असें नाहीं. वेळेवर येणारी व परवडणारी बस मिळाली तर ते तींत आनंदानें बसतात.

यासाठीं बसगाडीस रस्त्यावर स्वतंत्र पट्टा देणें हा एक मार्ग आहे. परंतु नुसती रेघ ओढून भागत नाहीं. पुण्यास कात्रज-हडपसर मार्गावर २००६ सालीं असा प्रयोग झाला, तेव्हां इतर वाहनें त्या पट्ट्यांत शिरत आणि पायीं चालणाऱ्यांस थांब्यापर्यंत पोंचणें कठीण पडे. अहमदाबादेस २००९ सालीं सुरू झालेल्या मार्गांत मात्र वेगळा पट्टा, बसच्या उंचीचे फलाट व चढण्यापूर्वींच तिकिट अशी सर्व व्यवस्था एकत्र केली गेली. यावरून बोध हा कीं, पट्टा, थांबा, पदपथ व वाहनचालकांची शिस्त हीं चारहि अंगें एकत्र असावीं लागतात. वाकोल्याच्या अरुंद गल्ल्यांत असा पट्टा बसणार नाहीं. पण मोठ्या रस्त्यांवर निदान सकाळसंध्याकाळच्या गर्दींत तो देतां येण्यासारखा आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हीहि यांत कांहीं करूं शकतां. एखाद्या सकाळीं शिक्षकांसह पदपथावर अर्धा तास उभे राहा. वहींत दोन रकाने पाडा. एकांत वाहनें मोजा, दुसऱ्यांत त्यांतील माणसें. तो हिशेब स्वच्छ अक्षरांत लिहून महापालिकेच्या एच पूर्व विभागाच्या कार्यालयास पाठवा. आणि पालकांस आमची विनंति अशी कीं, शाळेच्या दारापर्यंत मोटार आणण्यापूर्वीं मागें थांबलेल्या बसगाडीकडे एकवार पाहावें. शेजाऱ्यास वाट करून देणें हा धर्म आपण मुलांस शिकवितों. तो रस्त्यावरहि पाळला जावा, इतकेंच आमचें मागणें आहे.