नैसर्गिक मारक पेशी : संदेश आणि संयम

बाधित पेशींचा नाश करणाऱ्या ‘नैसर्गिक मारक पेशीं’चे वर्णन १९७५ साली स्टॉकहोम येथील किसलिंग, क्लाइन व विगझेल यांनी केले. मारण्याइतकेच त्यांचे दुसरे कार्य मोलाचे आहे : इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशवाहक प्रथिन स्रवून भक्षक पेशींना क्षयजंतूंविरुद्ध सज्ज करणे. या प्रथिनाचा आराखडा, म्हणजे आर.एन.ए., पेशीत आधीच तयार असतो. म्हणून काही तासांतच उत्पादन सुरू होते. मात्र एकट्या इंटरल्युकिन-१२ च्या संदेशाने ते अल्पच राहते. इंटरल्युकिन-१८ ची जोड मिळताच अनेक पटींनी वाढते. टी.जी.एफ.-बीटा त्यास आवर घालते. प्रतीत्यसमुत्पाद शिकलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना ही परस्परावलंबी रचना परकी वाटू नये.

आवर सुटल्यास शरीराचीच हानी होते. उलट, इंटरल्युकिन-१२ चा ग्राहक जन्मतःच सदोष असलेल्या बालकास बी.सी.जी. लसही बाधू शकते. अशी बालके अत्यंत विरळ. लस टाळण्यास ते कारण नव्हे. परंतु लसीनंतर डाव्या काखेतील गाठ वाढतच राहिली, ताप हटेना, तर पालकांनी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जन्मजात प्रतिकारदोषांच्या तपासण्या सांताक्रूझहून फार दूर नसलेल्या परळ येथे, के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेत होतात.