“जमेल ना?” असं विचारूच नकोस

मधू, सासू-सासरे ऑगस्टमध्ये मुंबईहून येतायत आणि तू आत्तापासून योसेमिटीचे बेत रंगवत बसली आहेस. ऐक माझं. तिथला मोठा धबधबा बर्फाच्या पाण्यावर वाहतो, ऑगस्टपर्यंत बहुतेकदा आटलेला असतो. त्यापेक्षा त्यांना कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला बर्नी फॉल्सला ने.

गाडी लावली की जरा पुढे कठडा, आणि समोर 129 फुटांवरून पडणारं पाणी. कठड्यापर्यंत व्हीलचेअरसुद्धा जाते. म्हणजे सासूबाईंच्या गुडघ्यांचा विषयच निघणार नाही. अगं, आपण काळजीपोटी विचारतो, “आई, जमेल ना तुम्हाला?” की त्या लगेच म्हणतात, “तुम्ही या जाऊन, मी बसते गाडीत.” जमणार नसतं असं नाही, आपल्यामुळे कुणाचा खोळंबा नको, एवढंच असतं मनात. म्हणून जागाच अशी निवडायची, की हा प्रश्न विचारावा लागू नये.

तुझ्या सासऱ्यांना तर तिथे बोलायला विषयच विषय. खडक आपल्या सह्याद्रीसारखाच, लाव्हारसाचा काळा बेसाल्ट. पण माळशेजचे धबधबे पाऊस सरला की दिवाळीपर्यंत बारीक होतात, आणि हा भर उन्हाळ्यातही रोज जवळजवळ 38 कोटी लिटर पाणी ओततो. तिथला लाव्हा आपल्यापेक्षा फार अलीकडचा, भेगांनी सच्छिद्र झालेला. पाऊस आणि वितळलेलं बर्फ त्यात मुरतं, खालच्या घट्ट थरावर अडतं आणि झऱ्यांवाटे बाहेर येतं. म्हणून नीट बघ, पाणी नुसतं वरून पडत नाही, कड्याच्या मधूनही शेकडो धारा फुटलेल्या असतात. त्या धारांमागे काळ्या पाकोळ्या घरटी करतात. जवळच्या लासेन शिखरावर 1914 ते 1917 या काळात उद्रेक झाले होते, तेही सांग त्यांना.

आता व्यवहाराचं. बे एरियातून गाडीने पाचेक तास लागतात, तेव्हा त्याच दिवशी परत यायचा हट्ट नको. रेडिंगला किंवा बर्नी गावात मुक्काम करा. शनिवार-रविवार टाळा, पार्किंग भरलं की गाड्या परत पाठवतात, आणि हायवेवर गाडी लावू देत नाहीत. सकाळी लवकर पोचलात तर ऊनही कमी. वाटा दुरुस्तीसाठी कधीकधी बंद असतात, निघण्याआधी उद्यानाच्या वेबसाइटवर बघून घे. सासूबाईंसाठी शाल ठेव, तुषार गार असतात. पाणी तर फ्रीजमधल्यासारखं, सहा ते नऊ अंश. तुझ्या नवऱ्याला, निखिलला, उडी मारायची खुमखुमी आली तर आवर.

कठड्यापासून एक वाट वळणं घेत तळापर्यंत उतरते. उतरताना सोपी, चढताना दम काढते. इथे तुझी खोड मला माहीत आहे. “तुम्ही सगळे जा, मी थांबते आईंजवळ,” असं तू म्हणणार, आणि सगळे ते गृहीत धरणार. एकदा थांबलीस तर ती माया. दरवेळी थांबलीस तर तो नेम होऊन बसतो, मग मनातल्या मनात धुसफुस. म्हणून या वेळी निखिलला त्याच्या आईजवळ बसू दे. माय-लेकांना असा निवांत वेळ मुंबईतही मिळत नसेल. सासऱ्यांना यायचं असेल तर त्यांना घे, नाहीतर एकटी उतर. आणि वर येताना घाई करू नकोस, कुणी तुझ्यासाठी ताटकळलेलं नसतं.