मागची नक्कल

गटातल्या बायांचे खाते-नंबर काकू संगणकावर एका कागदातून दुसऱ्यात नेत होत्या. एक नंबर कॉपी केला, म्हणजे त्याची नक्कल घेतली. मग दुसरा घेतला. पहिला गेला की! हाताने लिहावा, तर एक आकडा चुकला की पैसे परक्याच्या खात्यात.

लिनक्सच्या केडीई पडद्यावर यावर सोय आहे. तिचे नाव क्लिपर. मागच्या नकला ती यादीत ठेवते. खिडकीची खूण असलेली कळ दाबून धरा आणि व्ही दाबा. यादी दिसेल. हवा तो नंबर निवडा. मग कंट्रोल धरून व्ही दाबा. नंबर कागदात उतरेल.

पण जपा बरे! पासवर्डाची नक्कल घेतलीत, तर तीही यादीत राहू शकते. मागून बसणारा ती वाचील. काकू सारी यादी पुसतात, मगच खुर्ची सोडतात.