गाजराचे वर्ग व घरचें बीं

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील जे बागाइतदार हिवाळ्यांत गाजर करितात, ते बियाणें घेतेवेळीं बहुधा रंग विचारतात. रंग हें वर्गीकरणाचें एक लक्षण खरें. परंतु त्याहून महत्त्वाचें लक्षण डोळ्यांस दिसत नाहीं, आणि घरीं बीं धरतां येईल कीं नाहीं हें त्यावरच ठरतें.

लागवडीच्या गाजराचे शास्त्रज्ञ दोन वर्ग मानतात. मध्य आशियांत, अफगाणिस्तानाच्या बाजूस, प्रथम लागवडीस आलेलीं गाजरें जांभळीं व पिवळीं होतीं; हा पौर्वात्य वर्ग. नारिंगी गाजर पुढें युरोपांत वाढीस लागलें; तो पाश्चात्य वर्ग. २०१६ सालीं गाजराच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांतही हा भेद दिसून आला. आपलें तांबडें देशी गाजर पौर्वात्य वर्गांत धरतात. जांभळा रंग अँथोसायनिनचा, तांबडा लायकोपीनचा व नारिंगी कॅरोटीनचा. सर्वांत गुणसूत्रांच्या जोड्या नऊच असून दोन्ही वर्गांचा संकर सहज होतो. दिल्लीच्या पुसा संस्थेनें काढलेला ‘पुसा केसर’ हा देशी तांबडें गाजर व ‘नँटिस’ यांचाच संकर होय.

खरा भेद थंडीचा. नँटिससारख्या वाणास फुलोऱ्याचा दांडा धरण्यापूर्वीं सहा ते आठ आठवडे सुमारें ५ ते १० अंश सेल्सिअस गारठा लागतो. तो काश्मीर-कुलूकडे मिळतो; आपल्याकडे रात्र गार पडली तरी दुपारीं ऊन चढतें. म्हणून त्याचें बीं विकतच घ्यावें लागतें. देशी वाण मैदानांतही फुलून बीं देतो. हाच त्याचा तोटाही: वेळ साधली नाहीं, तर गाजर पोसण्याआधींच दांडा येतो व गाभा लाकडासारखा होतो.

बीं धरणारानें आपोआप आधीं फुललेल्या झाडांचें बीं घेऊं नये. हा मोह पुष्कळांस होतो, व लवकर फुलण्याचा दोष त्यामुळें पिढीगणिक वाढतो. तयार गाजरें उपटून एकरंगी, न फाटलेलीं निवडावीं; शेंड्याकडील भाग कापून गाभा बारीक आहे कीं नाहीं तें पाहावें, पाला तीन-चार बोटें ठेवावा व पुन्हा लावावीं. दहा-वीस झाडांवर भागवूं नये. गाजर परपरागी असल्यानें अशा बियांचा वाण खंगत जातो. माशा पराग दूर नेतात, म्हणून दुसऱ्या वाणापासून सुमारें १००० मीटर अंतर हवें. एवढें अंतर एकाच्या शेतांत कोठून येणार? शेजाऱ्यांशीं आधींच ठरवून घ्यावें.

पुडीवर संकरित असें लिहिलें असल्यास त्या पिकाचें बीं मुळींच धरूं नये. पुढील पिकांत गुण विस्कटतात.