एकाच नावाची दोन नियतकालिके

शास्त्रीय शोध प्रयोगशाळेत लागतो. परंतु इतरांना तो पारखून पाहता यावा, यासाठी तो प्रसिद्ध व्हावा लागतो. हे कार्य संशोधन-नियतकालिके करतात. कोणता लेख स्वीकारावा, हे ठरविण्याचे दायित्व संपादकाचे असते. म्हणून संपादक बदलला, किंवा त्याच संपादकाची दृष्टी बदलली, की नियतकालिकाचे स्वरूपही पालटते. ब्रिटनमधील ‘हार्ट’ या नियतकालिकाचा इतिहास याचे बोधप्रद उदाहरण होय.

1909 साली टॉमस ल्यूइस यांनी, जेम्स मॅकेन्झी यांच्या प्रोत्साहनाने, लंडन येथे ‘हार्ट’ सुरू केले. त्या वेळी ल्यूइस यांची तिशीही उलटली नव्हती. काही रोग्यांची नाडी कोणताच ताल न राखता पडते, हे वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. कारण मात्र उलगडले नव्हते. हॉलंडमधील विलेम आइन्थोव्हेन यांच्या उपकरणामुळे हृदयातील सूक्ष्म विद्युत्प्रवाहाचा आलेख काढणे शक्य झाले होते. त्याच्या साहाय्याने ल्यूइस यांनी दाखविले की, अशा रोग्यांच्या हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंदे, नीट आकुंचन न पावता नुसती थरथरत असतात. यावरील त्यांचा विस्तृत निबंध ‘हार्ट’च्या पहिल्याच खंडात आला.

पुढे ल्यूइस यांचे लक्ष त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या व वेदना या विषयांकडे वळले. जुने नाव आता अपुरे पडू लागले. 1933 साली त्याच नियतकालिकाचे नाव ‘क्लिनिकल सायन्स’ असे झाले आणि केवळ हृदयाला वाहिलेले त्याचे स्वरूप संपले.

1939 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ निघाले. मॉरिस कॅम्बेल व एव्हन बेडफर्ड हे त्याचे आरंभीचे संपादक होत. 1996 साली या नियतकालिकाने ‘हार्ट’ हे नाव धारण केले. खंडांचे क्रमांक मात्र पूर्वीचेच पुढे चालविले. 2014 साली त्याची सूत्रे अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील हृद्रोगतज्ज्ञ कॅथरिन ऑटो यांच्या हाती आली. एकेकाळी ‘ब्रिटिश’ म्हणविणाऱ्या पत्राची धुरा समुद्रापार गेली, ही घटना विज्ञानाच्या विस्ताराची द्योतक आहे.

ग्रंथालयात संदर्भ शोधणाऱ्याने यावरून एक गोष्ट ध्यानी ठेवावी. ‘हार्ट, खंड 1’ म्हणजे ल्यूइस यांचे पत्र. ‘हार्ट, खंड 75’ म्हणजे 1996 चे, सर्वस्वी निराळ्या वंशाचे पत्र. नाव एकच असले, तरी वर्ष व खंड पाहिल्यावाचून मूळ लेख हाती लागत नाही. आणि मूळ लेख न पाहता विधान पारखणे शक्य नाही.